पदकाची गाठ

सोजराबाई दिसायला काही खास नव्हती हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी तिच्या रूपावर जळत होते असं कुणाला वाटायला नको. रूपावरून जळायचं तेवढं मी नवऱ्यानं दुसरी आणली त्या वर्षीच जळून घेतलं आणि डहाणूचं सासर सोडून मुरब्याला बापाच्या घरी परत आले. सोजरावर मी जळले ते एका गाठीपायी. हसायचं असेल तर हसा.

सत्त्याऐंशी साल होतं. तारापूरच्या एमआयडीसीत बायकांच्या पर्सा बनवणारा एक कारखाना निघाला होता आणि मी तिथं पहिल्या महिन्यापासून होते. आमच्या पर्सा इथं कुठं विकत मिळत नसत. केळव्याला रविवारी मुंबईच्या बायका हवा खायला यायच्या, त्यांच्याही खांद्याला कधी दिसल्या नाहीत. सगळा माल बोटीनं परदेशी जायचा. चामडं असं मऊ की त्याला हात लावताना आपल्याच हाताची लाज वाटावी. प्रत्येक पर्सच्या बंदाला एक पितळेची कडी आणि त्या कडीला लटकवलेला चामड्याचा एक छोटा तुकडा, पिंपळाच्या पानाच्या आकाराचा, त्यावर सोनेरी अक्षरं. ऑफिसातले लोक त्याला टॅग म्हणायचे. आम्ही बायका पदक म्हणायचो, कारण ते पर्सच्या गळ्यात मिरवायचं आणि कामाचं काहीच नसायचं.

पण सगळा मान त्या पदकालाच. पदक नसलं तर तीच पर्स साधी पिशवी, असं आमचा सुपरवायझर दिनानाथ सांगायचा. आणि नेमकं पदकच टिकत नव्हतं. ते मेण लावलेल्या दोरीनं हातानंच बांधायचं, असा तिकडच्या गिऱ्हाइकाचा हट्ट होता. खिळा मारला तर चामड्यावर ओरखडा, डिंक लावला तर डाग. आणि मेणाची दोरी म्हणजे हातातला ओला मासा. साधी गाठ मारली की ट्रकच्या हादऱ्यानंच सैल व्हायची. पहिला मोठा माल पोचला तेव्हा खोक्यांच्या तळाशी पदकांचा खच पडलेला होता आणि पर्सा उघड्या गळ्यानं बसल्या होत्या. तिकडून पत्र आलं. शेठनं दिनानाथला झापलं, दिनानाथनं आम्हाला. मग त्यानं सगळ्यांना जमवून सांगितलं, जी बाई पदक पक्कं बसवून दाखवील तिला पदकाचं टेबल देईन. टेबल म्हणजे हाताखाली बारा बायका आणि बसायला पाठीची खुर्ची. आम्ही सगळ्या तोवर बिनपाठीच्या स्टुलावर कंबर मोडून घेत होतो.

तशी गाठ मला येत होती.

माझा बाप महादू. गावात कुणाचं जाळं फाटलं की लोक ते खांद्यावर टाकून आमच्या ओट्यावर यायचे. नायलॉनची तयार जाळी बाजारात आली, पण फाटलेलं जोडायला बाच लागायचा. त्याची एक गाठ होती, त्याच्या आज्यापासून चालत आलेली. दोन वेढे, आणि शेवटचा वेढा स्वतःच्याच पोटाखालून काढून ओढायचा. नायलॉन कितीही गुळगुळीत असो, ती गाठ सरकायची नाही. आमच्या घरात ती फक्त मुलाला शिकवायची रीत. मुलगी परघरी जाते, गाठ तिच्याबरोबर जाते आणि मग व्याही आपल्या गाठीवर मासे भरतात. म्हणून बानं ती माझ्या भावाला, देवूला शिकवली. देवू पँट घालून पाळीच्या बसनं अणुशक्ती केंद्रात ठेकेदाराच्या कामावर जायला लागला आणि आता त्याला बुटाची लेससुद्धा धड बांधता येत नाही. मी परघरी गेले आणि परतही आले, तरी गाठ माझ्याकडे आली नाही.

म्हणजे दिली नाही. घेतली मात्र होती. लहानपणी बा ओट्यावर पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून बसायचा आणि मी त्याच्या समोर बोंबील निवडत बसायचे. हात बोंबलात आणि डोळे बाच्या बोटांवर. समोरून बघून शिकले म्हणून माझी गाठ उलटी वळायची, बाची उजवीकडून तर माझी डावीकडून, पण पक्की तेवढीच. एकदा परकराच्या नाडीला मारून बघितली तर ती सुटेना. आईनं दोन धपाटे घातले आणि शेवटी कोयत्यानं नाडी कापली. बा तिथंच होता. कापलेली नाडी त्यानं उचलून बघितली, गालात हसला आणि कामाला लागला.

तेव्हा टेबलाचं ऐकलं आणि मी ठरवलं की येत्या रविवारी बापाकडे गाठ मागायची. तशीच बांधून दाखवली असती तर चोरी ठरली असती. बायकांच्या तोंडून गावभर झाली असती. आणि खरं सांगायचं तर मला नुसती खुर्ची नको होती. बाच्या तोंडून 'हंसा, ही घे' एवढं ऐकायचं होतं. चौतीस वर्षांची घोडी झाले होते, तरी तेच हवं होतं.

आणि त्याच रविवारी मी सोजराला घरी नेलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. सोजरा बीडकडची. नवरा बन्सी कामासाठी इकडे आला म्हणून तीही आली, कुंभवलीत भाड्याच्या एका खोलीत राहायची. बन्सीचं काम सुटलं आणि ती आमच्या कारखान्यात लागली. दोरीला मेण कसं लावायचं ते मीच तिला शिकवलं. दुपारी तिची ज्वारीची भाकरी आणि माझी सुक्या बोंबलाची चटणी असं आमचं जमलं होतं. तिनं जन्मात दर्या बघितला नव्हता. मी म्हटलं, चल.

दर्या बघून झाला आणि मी चुलीपाशी कालवणाला बसले. बाला कसं विचारायचं त्याची मनात उजळणी चालली होती. बाहेर ओट्यावर सोजराचा आवाज आला, "आबा, ही गाठ सुटत न्हाई व्हय? मला बी दावा की."

बस, एवढंच. अडीच शब्दांत मागून मोकळी. मी ताटं घेऊन बाहेर आले तर ती बाच्या शेजारी मांडी घालून बसलेली, खांद्याला खांदा, आणि बा तिची बोटं धरून दोरी वळवून दाखवतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या जागी मला आयुष्यात कधी बसवलं नाही, त्या जागी ही दोन तासांची पाहुणी बसली होती. ती गेल्यावर मी बाला विचारलं, घरची गाठ बाहेर कशी दिली. तो म्हणाला, ती दर्यावरची नाही, तिच्या घरी होडी नाही, जाळं नाही, तिच्याकडून गाठ जाऊन जाऊन कुठं जाणार. मला मागायचं होतं ते राहूनच गेलं.

सोमवारी सोजरानं दिनानाथसमोर पदक बांधलं. मी तपासणीच्या टेबलावर होते. प्रत्येक पदक तीनदा हिसकून बघायचं हे माझं काम. मी तीनदा हिसकलं. दुसऱ्यांदा तर बंद तुटेल असं ओढलं. पदक हललं नाही. तिला टेबल मिळालं, पाठीची खुर्ची मिळाली, आणि तिनं बारा बायकांना गाठ शिकवताना प्रत्येकीला सांगितलं की ही हंसाताईच्या वडलांची गाठ. खोटं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. पॅकिंगच्या इंदुबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मग तुझ्या बापानं तुला का नाय शिकवली गं?" मी म्हटलं, मला कुठं वेळ होता.

त्यानंतर माझे दोन महिने कसे गेले ते मलाच माहीत. ती खुर्चीला पाठ टेकायची आणि माझी पाठ दुखायची. ती हसली तरी मला बोचायचं, नाही हसली तरी वाटायचं, आता काय हसायचीही गरज उरली नाही. भाकरीचा अर्धा तुकडा ती तसाच पुढे करायची आणि मी पोट भरल्याचं सांगायचे. घरी आले की बा रोज विचारायचा, त्या पोरीचं कसं चाललंय, गाठ बसते का नीट. माझं कसं चाललंय हे त्यानं कधी विचारलं नाही. आणि एक दिवस त्यानं बांबूची एक सुई तासून गुळगुळीत केली, दोरीचं टोक वेढ्याखालून काढायला सोपं जावं म्हणून, आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, सोजराला दे.

माझ्याच हातानं पाठवली. मी ती नेऊन दिली. सोजरानं ती कपाळाला लावली. त्या दिवशी माझ्या मनातली उरलीसुरली चांगली हंसा मेली असं समजा.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाचा मुंबईचा माणूस माल बघायला यायचा होता. आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बायका बाहेर कडुनिंबाखाली जेवायला गेल्या. मी डोकं दुखतंय सांगून आत राहिले. दांडीवर पर्सा ओळीनं टांगलेल्या होत्या. मी सात पर्सांच्या गाठी सोडवल्या. ती गाठ सोडवायची कशी, हेही मी पुढं बाच्या बोटांवरूनच बघून घेतलं होतं. मग पुन्हा बांधल्या, वरून हुबेहूब तशाच, फक्त शेवटचा वेढा पोटाखालून न काढता वरच्या वर दाबून दिला. डोळ्याला पक्की, हाताला कच्ची. खोटं कशाला बोलू, बोटांना मजा वाटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती गाठ मी उघड्यावर बांधत होते.

मुंबईच्या माणसानं दुसऱ्या दिवशी दांडीवरून हात फिरवत मधूनमधून पदकं ओढली. तिसऱ्या पर्सला म्हणाला, "ये तो हाथ में आ गया." मग तो एकेक ओढायला लागला. एकूण तीन पदकं निघाली, चौथं अर्धवट सरकून लोंबत राहिलं, तेव्हा तो थांबला. माल अडकला. दिनानाथनं मला विचारलं, तू तपासलंस तेव्हा कशी टिकली? मी म्हटलं, तेव्हा टिकली होती, आता ती गाठच मुळात कच्ची असेल तर मी काय करू. आजोबा-पणजोबांच्या गाठीला मी कच्ची म्हटलं, आणि तेही सरळ उभं राहून. सोजरा खाली मान घालून ऐकत होती. दिनानाथनं ते चौथं पदक कडीजवळ कापलं आणि गाठीसकट तिच्यासमोर टाकलं. तिला खुर्चीवरून उठवून चामड्याचे तुकडे वेचायला बसवलं. शनिवारी सांगितलं की कामावर ठेवायचं का नाही ते शेठ सोमवारी ठरवतील. टेबल तोवर माझ्याकडे आलं.

खुर्ची चांगली होती. एवढंच सांगते.

रविवारी सकाळी सोजरा एसटीनं एकटीच मुरब्याला आली. मी ओट्याखाली विळीवर मासे साफ करत होते. माझ्याशी नेहमीसारखीच बोलली, मग बासमोर बसली, पदराची गाठ सोडली आणि ते चौथं पदक दोरीसकट त्याच्या हातात ठेवलं. म्हणाली, "आबा, माझं काय चुकलं तेवढं सांगा. काम गेलं तर जाऊ द्या. पर तुमच्या गाठीला नाव ठेवलं लोकांनी, ते मला सोसंना."

बानं चष्मा लावला. दोरी दोन बोटांत धरून उजेडाकडे केली, नखानं वेढा जरासा उचलला. मग तिला नवी दोरी देऊन म्हणाला, एक बांध. तिनं बांधली. त्यानं दोन्ही गाठी तळहातावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत राहिला. तिची उजवीकडून वळलेली होती. दुसरी डावीकडून. विळीवरचा माझा हात थांबला. पर्सा सोडवताना मला सगळं सुचलं होतं, हे एक सुचलं नव्हतं. डावीकडून वळणारी गाठ बाची नव्हती, देवूची नव्हती, सोजराची नव्हती. अख्ख्या दुनियेत ती एकाच बाईची होती.

बानं माझ्याकडे बघितलं नाही. सोजराला म्हणाला, "तुझं काय चुकलं नाय, पोरी. उद्या हंसा सांगेल तुमच्या सायबाला."

सोजरानं आधी त्याच्या तळहाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. चहा ठेवला होता तो न घेता उठली. तिच्यासाठी बांधून ठेवलेले बोंबील ओट्यावरच राहिले.

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर बा बोलला. "माझ्या आज्यापासनं ही गाठ हाय. ती सुटेल अशी बांधायला आजवर कुणाला जमलं नाय. तुला जमलं."

मी म्हटलं, "मला शिकवली असतीस तर ही येळ आली नसती, बा. देवूला शिकवलीस, तिला शिकवलीस. मी काय मेले होते?"

त्यानं चष्मा काढला. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुला काय शिकवायचं? तुझ्या परकराची नाडी कापली त्या दिवसापासनं मला ठाव हाय. मला वाटलं, तुझ्याजवळ हायच."

"मग बोलला का नायस कधी?"

"तू तरी कुठं बोललीस?"

मी विळी आडवी केली. हात माशांनी भरलेले होते, तसेच मांडीवर पुसले. बा जरा सरकला आणि शेजारची जागा हातानं झाडली. "हिकडं बस. समोरून बघितलं का सगळं उलटंच दिसतं." मी बसले, खांद्याला खांदा लावून. त्यानं दोरी दिली. मी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. हात डावीकडेच वळत होता. बानं तो धरून फिरवला नाही आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं तेही त्यानं पुसलं नाही. दुपारपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

सोमवारी मी दिनानाथला सांगितलं. बायका ऐकत होत्या म्हणून इंदुबाईला वेगळं सांगायची गरज पडली नाही. त्यानं मला तासाभरात गेटच्या बाहेर काढलं. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. सोजराला टेबल परत मिळालं. जाताना मी तिच्या बाजूनं गेले. तिनं मान वर केली नाही. तिच्या हातात बाची बांबूची सुई होती आणि ती एक पदक बांधत होती.

बा गेल्याला आता सहा वर्षं झाली. गावातली फाटकी जाळी माझ्याकडे येतात आणि सकाळी मी बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. गाठ माझी अजून डावीकडूनच वळते. सोजरा पहिली दोन वर्षं माझ्या पाटीकडे फिरकली नाही. समोरच्या नवशाकडून घ्यायची, त्याचा शिळा माल असला तरी. मग एक दिवस येऊन उभी राहिली, बोंबलांकडे बोट केलं. तिच्या कापडी पिशवीचा बंद तुटला होता. मी न विचारता तो जोडून दिला, घरच्या गाठीनं, शेवटचा वेढा पोटाखालून काढून.

तिनं पिशवी हातात घेतली. निघण्याआधी बंद धरून हिसका दिला. एक. दोन. तीन. मग गेली.

आता दर रविवारी येते. घरचं विचारते, बन्सीच्या खोकल्याचं सांगते. बंद तोच आहे, कधी सुटला नाही. पण मासळी भरून घेतली की अजूनही माझ्यासमोर ती तो तीनदा हिसकून बघते, आणि मी खाली मान घालून पाटीवर पाणी शिंपडत राहते.